सहा मिनिटांत किती मीटर? चालण्याच्या चाचणीतला ‘अपेक्षित’ आकडा येतो कुठून

समजा, साठ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो. हल्ली दम लागतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालण्याची चाचणी करायला सांगितली. सहा मिनिटांत ते ५५० मीटर चालले. हे चांगलं म्हणायचं की वाईट?

एका समीकरणाने हिशेब मांडला तर ते अपेक्षित अंतराच्या ९९ टक्के चालले, म्हणजे काळजीचं काही कारण नाही. दुसऱ्या समीकरणाने मांडला तर ७९ टक्के, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. माणूस तोच, पाय तेच, अंतरही तेच. दोन्ही समीकरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहेत, दोन्ही निरोगी माणसांना चालवून काढलेली आहेत आणि दोन्ही आजही जगभर वापरात आहेत.

यात चाचणी घेणाऱ्याच्या हातून काही चुकलेलं नसतं. पण रिपोर्टवर टक्क्यांचा आकडा ठळक असतो, आणि तो कोणत्या समीकरणाने काढला हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. पेशंट तो आकडा घेऊन घरी जातो, रात्रभर त्याचाच विचार करतो, घरच्यांना सांगतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो हे सगळ्यांना कळायला हवं असं मला फार वाटतं. त्यातलं गणित शाळेच्या पलीकडचं नाही.

चाचणी कशी होते

‘सिक्स मिनिट वॉक टेस्ट’ दिसायला अगदी साधी आहे. ३० मीटर लांबीचा सरळ, सपाट, वर्दळ नसलेला कॉरिडॉर लागतो. दोन्ही टोकांना एकेक शंकू ठेवतात आणि दर तीन मीटरवर जमिनीवर खूण करतात. सुरुवातीच्या रेषेजवळ एक खुर्ची असते. तिच्यावर निदान दहा मिनिटं शांत बसायचं. तेवढ्यात नाडी, रक्तदाब आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण नोंदवलं जातं. दम किती लागलाय आणि पाय किती थकलेत हे शून्य ते दहा अशा बोर्ग पट्टीवर विचारतात. मग उभं राहायचं आणि चालायला लागायचं.

सूचना एवढीच असते: सहा मिनिटांत जमेल तेवढं जास्तीत जास्त अंतर चाला, पळू नका. दम लागला तर वेग कमी करा, थांबा, भिंतीला टेका, बरं वाटलं की पुन्हा निघा. घड्याळ मात्र थांबत नाही. वेग किती ठेवायचा हे चालणाऱ्याने स्वतःच ठरवायचं असतं, आणि या चाचणीची ताकद आणि कमजोरी दोन्ही तिथेच आहेत.

चाचणी घेणाऱ्याने पेशंटच्या बरोबरीने चालायचं नसतं, कारण सोबतच्या माणसाच्या पावलांशी आपली पावलं नकळत जुळतात. बोलण्यालाही नियम आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली या चाचणीची सविस्तर पद्धत ठरवून दिली, त्यात दर मिनिटाला कोणतं वाक्य म्हणायचं तेसुद्धा लिहिलं आहे. ‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत’, ‘असंच चालू ठेवा, अजून चार मिनिटं’ अशा धाटणीची ती वाक्यं आहेत, तीही एकसुरी आवाजात म्हणायची. एवढा काटेकोरपणा जास्तीचा वाटेल, पण त्यामागे पुरावा आहे. १९८४ साली हृदय आणि फुप्फुसाच्या जुन्या आजारांच्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या प्रोत्साहनाने अंतर सुमारे ३० मीटरने वाढलं होतं. औषध नाही, व्यायाम नाही, दोन शब्द चांगले बोलले एवढंच.

चाचणीचा उगम मात्र पेशंटांसाठी झालेला नाही. १९६३ मध्ये ब्रूनो बाल्के यांनी तंदुरुस्ती मोजण्यासाठी ठरावीक वेळेत किती अंतर कापलं जातं ते पाहण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या तरुणांसाठी १२ मिनिटांची धावण्याची चाचणी आणली. १९७६ मध्ये मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी तीच कल्पना जुन्या ब्राँकायटिसच्या पेशंटांसाठी वापरली, धावण्याऐवजी चालणं ठेवून. बारा मिनिटं चालताना आजारी माणसं फार दमायची. १९८२ मध्ये बटलंड आणि सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा छोट्या चाचण्यांचे निकालही बाराच्या निकालाशी चांगले जुळले. सहा मिनिटं हा त्यातला मधला मार्ग ठरला, आणि पुढे हृदयविकाराच्या पेशंटांसाठीही तीच रूढ झाली.

संदर्भमूल्य म्हणजे नेमकं काय

आपल्या गृहस्थांचे ५५० मीटर कमी की जास्त हे ठरवायला तुलना लागते. त्यासाठी संशोधक निरोगी माणसं गोळा करतात, त्यांना त्याच पद्धतीने चालवतात आणि प्रत्येकाचं अंतर, वय, उंची, वजन आणि लिंग लिहून ठेवतात. मग या माहितीतून जाणारी, सगळ्यांना त्यातल्या त्यात धरून चालणारी रेघ काढतात. त्या रेघेचं सूत्र म्हणजे समीकरण, आणि त्यात तुमचं वय, उंची, वजन घातल्यावर येतो तो ‘अपेक्षित’ आकडा. म्हणजे तुमच्याच वयाची, उंचीची, वजनाची आणि त्या अभ्यासातल्यांसारखी निरोगी माणसं सरासरी किती चालली, एवढंच तो सांगतो.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं समीकरण एनराइट आणि शेरिल यांचं, १९९८ सालचं. त्यांनी ४० ते ८० वयाचे ११७ पुरुष आणि १७३ स्त्रिया यांना चालवलं. पुरुषांसाठीचं सूत्र असं:

अपेक्षित अंतर = (७.५७ × उंची सेंमीमध्ये) − (५.०२ × वय) − (१.७६ × वजन किलोमध्ये) − ३०९

आपल्या गृहस्थांचे आकडे घालून पाहू. उंचीचे १२८६.९, त्यातून वयाचे ३०१.२ वजा, वजनाचे १२३.२ वजा, आणि ३०९ वजा. उत्तर ५५३.५ मीटर. ते ५५० चालले, म्हणजे ९९ टक्के.

आता १९९९ सालचं ट्रूस्टर्स आणि सहकाऱ्यांचं समीकरण घेऊ. त्यांनी ५० ते ८५ वयाच्या ५१ निरोगी माणसांना चालवलं होतं. सूत्र असं:

अपेक्षित अंतर = २१८ + (५.१४ × उंची) − (५.३२ × वय) − (१.८० × वजन) + ५१.३१ (पुरुष असल्यास)

त्यात हेच आकडे घातले की येतात ६९८ मीटर. मग ५५० मीटर म्हणजे ७९ टक्के.

२००१ सालचं गिबन्स आणि सहकाऱ्यांचं समीकरण आणखी आटोपशीर आहे, त्यात उंची आणि वजन नाहीच. ८६८.८ मधून वयाच्या २.९९ पट वजा करायचे, आणि स्त्री असेल तर आणखी ७४.७ वजा. आपल्या गृहस्थांसाठी ६८९ मीटर. म्हणजे तीन समीकरणांची उत्तरं ५५४, ६९८ आणि ६८९, आणि टोकाच्या दोन उत्तरांत १४४ मीटरचं अंतर.

स्त्रियांचंही तसंच. साठ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंच, ६० किलो वजनाची बाई घेतली तर एनराइट यांच्या हिशेबाने ५१० मीटर, ट्रूस्टर्स यांच्या ५८८ आणि गिबन्स यांच्या ६१५.

एवढा फरक का

पहिलं कारण वळणं. कॉरिडॉरच्या टोकाला पोचलं की माणूस वेग कमी करतो, शंकूला वळसा घालतो आणि पुन्हा वेग घेतो. दर वळणाला सेकंदाचा काही हिस्सा जातो आणि गुडघ्यांवर, तोलावर ताण येतो. ५५० मीटर चालायला ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये अठरा वेळा वळावं लागतं. ट्रूस्टर्स यांचा कॉरिडॉर ५० मीटरचा होता, तिथे तेवढ्याच अंतराला जेमतेम अकरा वळणं. दहा मीटरच्या जागेत हीच चाचणी घेतली तर वळणं पन्नासच्या वर जातात. गोल मार्गावर, म्हणजे जिथे वळून थांबावंच लागत नाही तिथे, पेशंट सरळ कॉरिडॉरपेक्षा जास्त चालतात असं मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. ट्रेडमिलवर उलट होतं. पट्ट्याचा वेग बटणाने बदलावा लागतो, सवय नसते, आणि फुप्फुसाच्या गंभीर आजारांत अंतर कमी भरतं. म्हणून ट्रेडमिलवरचा आकडा कॉरिडॉरच्या समीकरणाशी ताडून पाहू नये.

पण कॉरिडॉरची लांबी हे एकच कारण असतं तर गिबन्स यांचे आकडे सर्वांत कमी यायला हवे होते, कारण त्यांचा कॉरिडॉर फक्त २० मीटरचा होता. तिथे दुसरी गोष्ट घडली. त्यांनी प्रत्येकाला चाचणी पुन्हा पुन्हा करायला लावली आणि सर्वांत चांगला आकडा धरला. पहिल्यांदा चालताना माणूस हातचं राखून चालतो. सहा मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज नसतो. दुसऱ्यांदा तो अंदाज आलेला असतो, वळण कसं घ्यायचं ते कळलेलं असतं. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये मिळून काढलेल्या मानकात याची दखल आहे. फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे पेशंट दुसऱ्या वेळी सरासरी २६ मीटर जास्त चालतात, म्हणून चाचणी दोनदा घ्यावी आणि चांगला आकडा धरावा असं त्यात सांगितलं आहे. आता विचार करा, समीकरण अनेकदा चालवून काढलेलं आणि आपला पेशंट एकदाच चाललेला. मग त्याचा टक्का कमी दिसणारच.

तिसरं कारण माणसं. ‘निरोगी’ म्हणून जे पुढे येतात ते बहुतेक वेळा स्वतःहून आलेले असतात, म्हणजे मुळात हौशी, हिंडते-फिरते. त्यातून ज्यांना मधुमेह, सांधेदुखी, रक्तदाब, दमा आहे ते गाळले जातात. पंचविशीत ही गाळणी फार कुणाला अडवत नाही. ऐंशीव्या वर्षी तिच्यातून सुटणारा माणूस आपल्या वयाच्या इतरांपेक्षा बराच वेगळा असतो. त्यामुळे वयस्कर माणसांसाठीचं संदर्भमूल्य म्हणजे ‘या वयात सगळे एवढं चालतात’ असं समजू नये. या वयात ज्यांना काहीही दुखणं नाही ते एवढं चालतात, असा त्याचा अर्थ.

आणि या अभ्यासांत माणसं किती कमी होती तेही लक्षात घ्या. एनराइट यांच्या सूत्रात पुरुषाची उंची दहा सेंटिमीटरने वाढली की अपेक्षित अंतर ७६ मीटरने वाढतं. स्त्रियांच्या सूत्रात उंचीपुढचा आकडा २.११ आहे, म्हणजे दहा सेंटिमीटरला २१ मीटर. लांब टांगांचा फायदा पुरुषांना स्त्रियांच्या साडेतीन पट मिळावा असं शरीरशास्त्रात तरी काही नाही. माझ्या मते हा लहान नमुन्याचा परिणाम आहे. शंभर-दीडशे माणसांवरून रेघ काढली की चार-दोन माणसंसुद्धा ती इकडेतिकडे ओढू शकतात.

२०११ मध्ये कासानोव्हा आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय करून पाहिला. सात देशांतल्या दहा शहरांत, एकाच पद्धतीने, ४० ते ८० वयाच्या ४४४ निरोगी माणसांना चालवलं. सरासरी ५७१ मीटर आली. पण वय, उंची, वजन आणि लिंग यांचा हिशेब करूनसुद्धा ठिकाणाठिकाणांत फरक उरलाच. चालण्याची सवय, रोजच्या वावराचा वेग, चाचणीकडे किती गांभीर्याने पाहिलं जातं, यांपैकी कशाचा किती वाटा हे समीकरणात मावत नाही.

त्यांनी एक चांगली गोष्ट मात्र केली, माणसाने किती जोर लावला हे समीकरणातच घेतलं. चालताना नाडी किती वाढली, ती २२० वजा वय या अंदाजी कमाल ठोक्यांच्या किती टक्के झाली, त्या टक्क्याला तीनने गुणून बेरीज करायची. आपल्या गृहस्थांची कमाल १६०. चालताना नाडी १२० पर्यंत गेली तर ७५ टक्के, आणि त्यांचं अपेक्षित अंतर येतं ५८१ मीटर. जोर लावून १३६ पर्यंत नेली असती, तर तेच ६११ झालं असतं. मला हे पटतं. कारण कमी अंतर चाललेला माणूस दमून थांबला की मुळात मनावर न घेता चालला, हा प्रश्न प्रत्येक रिपोर्टच्या मागे असतो, आणि नाडी त्याचं निदान अर्धं उत्तर देते. अर्थात ठोक्यांची गती कमी ठेवणारी औषधं, विशेषतः बीटा-ब्लॉकर, चालू असतील तर नाडीवरून जोर किती लावला ते ओळखता येत नाही.

सरासरीच्या खाली किती चालतं

इथे मोठी गफलत होते. अपेक्षित अंतर ५५४ आणि माणूस ४७० चालला, म्हणजे ८५ टक्के, म्हणजे ‘कमी’, असं लोक समजतात. पण सरासरी म्हटली की निम्मी निरोगी माणसं तिच्या खालीच असणार. खरा प्रश्न असतो, किती खाली गेल्यावर ते निरोगी माणसात क्वचित आढळतं?

त्यासाठी ‘सामान्याची खालची मर्यादा’ काढतात. निरोगी माणसांतले सर्वांत कमी चालणारे पाच टक्के जिथे संपतात ती रेघ. एनराइट यांच्या सूत्रात पुरुषांसाठी अपेक्षित आकड्यातून १५३ मीटर वजा केले की ही मर्यादा मिळते, स्त्रियांसाठी १३९ वजा करायचे. म्हणजे आपल्या गृहस्थांची खालची मर्यादा ४०० मीटरच्या आसपास. ४७० हा आकडा तिच्या चांगलाच वर आहे. तो ‘कमी’ नाही, सामान्यातलाच आहे.

सरसकट ८० टक्क्यांची रेघ मारण्याची सवय सोडायला हवी ती याचसाठी. ५५४ चे ८० टक्के म्हणजे ४४३. ४०० आणि ४४३ यांच्यामधली सगळी निरोगी माणसं त्या सवयीपायी उगाच आजारी ठरतात. वय वाढतं तसं हे आणखी बिघडतं, कारण अपेक्षित अंतर घटत जातं पण वजा करायचे १५३ मीटर तेवढेच राहतात.

हा पट्टा इतका रुंद का, याचं उत्तरही आकड्यांतच आहे. वय, उंची, वजन हे सगळं धरूनही एनराइट यांचं समीकरण माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ४० टक्के भाग उलगडतं. ट्रूस्टर्स यांचं ६६ टक्के. उरलेलं पायांच्या ताकदीत असतं, रोजच्या चालण्याच्या सवयीत असतं, मनःस्थितीत असतं, गुडघ्यात असतं.

समीकरण ज्या वयोगटावरून काढलं त्याच्या बाहेर नेलं तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. याच उंची-वजनाचा वीस वर्षांचा तरुण एनराइट यांच्या सूत्रात घाला. उत्तर येतं ७५४ मीटर, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. चालताना वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास गेला की शरीर आपोआप पळायला बघतं. सहा मिनिटांत ते होतात ७२० मीटर. म्हणजे सूत्र त्या तरुणाकडून न पळता पळण्याचा वेग मागतंय. सूत्राची चूक नाही, ते चाळिशीच्या पुढच्यांसाठी होतं.

वजनाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे रिपोर्ट नकळत फसवतो. आपले गृहस्थ ७० ऐवजी १०० किलोचे असते तर एनराइट यांच्या सूत्राने त्यांचं अपेक्षित अंतर ५०१ मीटर झालं असतं. ते ५०१ चालले की रिपोर्ट म्हणणार, शंभर टक्के. पण वाढलेल्या तीस किलोंनी ५३ मीटर आधीच खाल्लेत, ते कुठे दिसत नाहीत. समीकरणाने वजनाला माफी देऊन टाकलेली असते. फुप्फुसं किंवा हृदय किती काम करतंय हे पाहायचं असेल तर ही माफी योग्य आहे. माणूस एकंदरीत किती हिंडू-फिरू शकतो हे पाहायचं असेल, तर टक्के बाजूला ठेवून मीटर बघावेत.

निरोगी माणसाला ही चाचणी अपुरी पडते

आजारी माणूस या चाचणीत दम लागून अडतो. धडधाकट माणूस मात्र ‘पळायचं नाही’ या नियमाला अडतो. त्याचं हृदय, फुप्फुसं अजून बरंच काही देऊ शकतात, पण चालण्याचा वेग एका हद्दीपुढे जात नाही. म्हणून तंदुरुस्त तरुणाने सहा महिने कसून व्यायाम केला तरी या चाचणीत फारसा फरक दिसत नाही, आणि त्याने खट्टू व्हायचं कारण नाही.

यावर उतारा म्हणून शटल वॉक चाचणी आहे, सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली. दहा मीटरचा मार्ग, दोन शंकू, आणि वेग ठरवणारे बीप. पहिल्या मिनिटाला वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे दहा मीटर जायला वीस सेकंद. अगदी रमतगमत. पुढे दर मिनिटाला वेग ०.१७ मीटरने वाढतो. पहिल्या मिनिटात तीन फेऱ्या, दुसऱ्यात चार, असं करत बाराव्यात चौदा. सगळं पूर्ण केलं तर १०२० मीटर होतात. बीप होईपर्यंत शंकूपाशी पोचता आलं नाही की चाचणी संपली. इथे हातचं राखून चालायला वाव नाही, त्यामुळे खरी कुवत जास्त नीट कळते. शेवटच्या टप्प्यांवर पळावंच लागतं. तरीही तरुण, तंदुरुस्त माणसं बारावा टप्पा सहज पार करतात आणि चाचणीच अपुरी पडते. तिचीही संदर्भमूल्यं वेगवेगळ्या देशांत काढलेली आहेत आणि त्यांनाही वरचं सगळं लागू आहे. सहा मिनिटांच्या चाचणीचं समीकरण शटलला लावायचं नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवावं.

मग संदर्भमूल्य कशासाठी वापरायचं

पहिल्या भेटीसाठी. समोरचा माणूस आपल्या वया-बांध्याच्या निरोगी माणसांपेक्षा फारच मागे आहे का, एवढा अंदाज घ्यायला ते उत्तम आहे. त्यानंतर त्या माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी करावी.

कारण साधं आहे. फुप्फुसाच्या जुन्या आजारांत पेशंटला जाणवेल असा किमान फरक २०१४ च्या मानकानुसार सुमारे ३० मीटरचा असतो. खालची मर्यादा सरासरीच्या १५३ मीटर खाली आहे. म्हणजे ५९० मीटर चालणारा माणूस वर्षभरात ४९० वर आला तरी समीकरण त्याला ‘सामान्य’च म्हणत राहील. १०० मीटर गेले, त्याला स्वतःला जिना चढताना ते कळतंय, आणि रिपोर्ट मात्र सगळं ठीक म्हणतोय. उलट, जुन्या आजाराने २८० वर आलेला माणूस पुनर्वसनाचे व्यायाम करून ३२५ वर गेला, तर टक्क्यांत तो अजूनही कमीच दिसतो. पण ते ४५ मीटर त्याने मिळवलेत. रोजच्या जगण्यात ते त्याला कळतात, आणि ते त्याला मोकळ्या मनाने सांगायला हवेत.

गंभीर आजारांत तर डॉक्टरही बऱ्याचदा टक्के न पाहता मीटरच पाहतात. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुना आजार, त्याच्या पेशंटचा पुढचा धोका अंदाजण्यासाठी २००४ मध्ये आलेल्या ‘बोड’ निर्देशांकात ३५० मीटर किंवा जास्त चालल्यास शून्य गुण, आणि १५० पेक्षा कमी चालल्यास सर्वाधिक तीन गुण आहेत. तिथे वय-उंचीची सवलत नाही. फुप्फुसातल्या रक्तदाबाच्या आजारातही ४४० मीटरच्या वर असणं चांगलं लक्षण मानतात आणि १६५ च्या खाली असणं धोक्याचं.

हे वाचून कुणी घरी स्टॉपवॉच लावून चालून पाहणार असेल, तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा छातीत दुखण्याचा त्रास वारंवार, बसल्याजागी, वाढत्या प्रमाणात होत असेल, तर ही चाचणी करायचीच नाही. विश्रांतीत नाडी १२० च्या वर, किंवा वरचा रक्तदाब १८० च्या वर, किंवा खालचा १०० च्या वर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चालताना छातीत दुखलं, घेरी आली, घाम फुटून चेहरा पांढरा पडला, असह्य धाप लागली, तर सहा मिनिटांची वाट न बघता तिथेच थांबायचं. दवाखान्यात ऑक्सिजनचं प्रमाण सतत पाहिलं जातं आणि ते ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर चाचणी थांबवतात. घरी ते भान ठेवणारं कुणी नसतं.

रिपोर्ट हातात आला की विचारावेत असे प्रश्न थोडेच आहेत. अपेक्षित आकडा कुणाच्या समीकरणाने काढला, आणि ते माझ्या वयोगटासाठी आहे का? माझ्यासारख्या बांध्याच्या लोकांवरून काढलेलं एखादं समीकरण उपलब्ध आहे का? कॉरिडॉर किती मीटरचा होता? चाचणी एकदा झाली की दोनदा? मी मध्ये थांबलो का, किती वेळ? या प्रश्नांनी कुणाला राग यायचं कारण नाही. उत्तरं एका ओळीची आहेत, आणि खरं तर ती रिपोर्टवर आधीच असायला हवीत.

पुन्हा चाचणी करायची असेल तर शक्य तेवढं सगळं मागच्यासारखं ठेवावं. तोच कॉरिडॉर, दिवसाची साधारण तीच वेळ, तेच बूट. काठी किंवा वॉकर घेऊन चालला असाल तर तो पुन्हा घ्यावा. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर त्याचा प्रवाहही तितकाच ठेवावा, आणि सिलिंडर कुणी ओढला, पेशंटने की दुसऱ्या कुणी, तेही लिहावं. इनहेलर चाचणीआधी घेतला होता का, किती वेळ आधी, याची नोंद करावी. काही कारणाने ३० मीटरऐवजी २० मीटरचीच जागा मिळाली, तर तसं रिपोर्टवर लिहून ठेवावं आणि त्या दोन आकड्यांची वजाबाकी करू नये.